रुपीबाईंच्या घरी रडण्याचा आवाज

मोबाईल कमरेच्या पिशवीत बांधून रुपीबाईंनी परातीकडे पाठ फिरवली असेल-नसेल, तोच तो पोटाशी गुरगुरला. त्या दचकल्या. पिशवीची नाडी सोडून त्यांनी तो बाहेर काढला, तर पडद्यावर भलंमोठं बकरीचं चित्र आणि खाली जाड अक्षरांत 'बकरी'. मागे वळून पाहतात तो बकरी खरोखरच पिठात तोंड घालून उभी होती आणि मेजवानीच्या आनंदात मधूनमधून ओरडत होती.

"पाह्यलं, याडी? ओळखलं ना त्यानं?" बादल आईच्या समोर येऊन, ओठ सावकाश हलवत म्हणाला.

"ओळखलं. पन पीठ खाल्ल्यावर ओळखलं," रुपीबाई म्हणाल्या. कान गेल्यापासून आपला आवाज केवढा लागतो याचा त्यांना अंदाज नव्हता, त्यामुळे ही तक्रार अख्ख्या तांड्याने ऐकली. "घरात शिरायच्या आंधी सांगन, असं नाई करता येत काय?"

दारात बसलेली गझाला पोट धरून हसली. मायलेकरं एरवी बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलायची, पण यवतमाळची पाहुणी आली म्हणून आज दोघंही वऱ्हाडीवर उतरली होती. पाहुणी कसली, बादलची धंद्यातली भागीदारच. यवतमाळला एका छोट्या गाळ्यात दोघांचं ऑफिस होतं. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, हात चालत नाहीत, अशा माणसांना मोबाईल वापरता यावा म्हणून सॉफ्टवेअर बनवायचं, आणि दुसऱ्यांनी बनवलेलं असेल तर ते या माणसांना कुठे अडतं ते शोधून द्यायचं, हे त्यांचं काम. गझालाच्या अम्मीने हे सगळं नीट ऐकून घेतलं होतं आणि म्हटलं होतं, "मतलब दुसऱ्याच्या कामातले नुक्स काढायचे पैसे भेटतेत? मी तं जलमभर फुकटच काढून राह्यली!"

आता दोघांनी बनवलेल्या नव्या अ‍ॅपचं नाव होतं 'चाहूल'. घरातले आवाज ते ऐकायचं, ओळखायचं, थरथरून जागं करायचं आणि पडद्यावर चित्र दाखवायचं. कुकरची शिट्टी, दाराची थाप, कुत्र्याचं भुंकणं, बकरी. रुपीबाईंचे कान काही वर्षांपूर्वी तापात गेले, नवरा त्याही आधी गेला होता. बादलने अ‍ॅप जगासाठी बनवलं असं तो सगळ्यांना सांगायचा, पण ते त्याने आईसाठी बनवलं होतं आणि जगाला त्यात सामील करून घेतलं होतं.

शिवाय घाईही होती. घाईचं नाव भीमसिंगमामा.

भीमसिंगमामा हे रुपीबाईंचे थोरले भाऊ. पुसदला एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाले ते नोकरीतून, नियंत्रण चालूच होतं. पुसदला त्यांचं दुमजली घर होतं आणि गेल्या दिवाळीपासून त्यांनी एकच धोशा लावला होता.

"रुपीले मी घेऊन जातो. ऐकू येत नाई, एकटी राह्यते. उद्या घराले आग लागली, सारा तांडा बोंबलला, तरी हिले पत्ता लागनार नाई."

"माह्या बकऱ्या तुह्या वरच्या मजल्यावर चढतीन काय, भिया?" रुपीबाई विचारायच्या.

"बकऱ्या इकून टाकू."

"मंग मले बी इकून टाक."

रुपीबाईंना तांडा सोडायचा नव्हता. हे घर त्यांनी नवऱ्याबरोबर विटा वाहून बांधलं होतं, आणि भिंतीला भिंत लावून हंसाबाई राहत होती. कान गेल्यावर दोघींनी हातवाऱ्यांची स्वतःची एक भाषा तयार केली होती, आणि त्या भाषेत तांड्यातल्या प्रत्येक सुनेसाठी वेगळी खूण होती. असं सुख पुसदला दुसऱ्या मजल्यावर कुठून मिळणार? शेवटी बादलने मध्ये पडून मामांपुढे चाहूलचा प्रस्ताव ठेवला. मामांनी तो एसटीच्या भाषेत मंजूर केला.

"हंसाबाईच्या पोरीच्या, सोनूच्या लग्नापर्यंत ट्रायल. तुह्या यंत्रानं तवरक एकबी गडबड केली, तं मी गाडी घेऊन येतो आन् रुपी त्या गाडीत बसन. लग्नाले मी काई येत नाई. लग्न झालं का निकाल घ्यायले येतो."

मामा निघून गेल्यावर रुपीबाईंनी लेकाचा हात धरला. "बादल, माह्या घराचा सवाल हाय. नीट कर बापा."

बादलने नीटच केलं. इतकं नीट, की त्यात एक जादा गोष्टही घातली. घरात काही आक्रीत घडलं, तर आसपासची माणसं रडतात-ओरडतात. आईला ते ऐकू येणार नाही. म्हणून रडण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, तर चाहूल थरथरून विचारायची, 'तुम्ही ठीक आहात का?' पडद्यावरचं हिरवं बटण दाबलं की काम संपलं. नाही दाबलं, तर ठरवलेल्या लोकांना निरोप जायचा.

"पण रोना मतलब संकटच, असं कसं धरायचं?" गझालाने शंका काढली. "लोग खुशी में भी रोते."

"खुशीत मानूस घडीभर रडते. लय वेळ रडला म्हनजे संकटच," बादल म्हणाला. त्याने जगभरातली रडणी गोळा करून चाहूलला ऐकवली होती. या विषयात आपण तयार आहोत अशी त्याची खात्री होती.

मग नंबर भरायची वेळ आली. बादलच्या मनात मोजकी माणसं होती. "धावजी नायक, हंसाबाई, मामा आन् मी."

"आन् रामधनभाऊ?" रुपीबाईंनी विचारलं.

"ते पलीकडच्या तांड्यावर राह्यतेत, याडी. ते पोचेपर्यंत..."

"पोचो का नको पोचो. हंसाबाईले कळवलं आन् आपल्याले नाई, असं समजलं तं तो मानूस माह्या मयतीले बी येनार नाई."

रामधनचं नाव आलं म्हणून त्याच्या भावांची आली. भाऊ आले म्हणून व्याही आले, व्याही आले म्हणून त्यांची भावकी आली. एकाला सांगून दुसऱ्याला गाळायचं म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. अ‍ॅपमध्ये पाच नंबरांची मर्यादा होती. ती बादलने लॅपटॉप उघडून तिथल्या तिथे काढून टाकली. आसपासच्या तांड्यांमधली नावं धडाधड भरली जाताना पाहून गझाला म्हणाली, "बादल, ये इमर्जन्सी है का वलीमे की दावत?"

लग्नापर्यंत चाहूलने एक चूक केली नाही. कुकरच्या शिट्ट्या सांगितल्या, दारावर आलेला भंगारवाला सांगितला, एका दुपारी तर ओट्यावर ओरडणारं माकड 'कुत्रा' म्हणून का होईना, पण सांगितलं. रुपीबाई भेटेल त्याला कमरेची पिशवी दाखवत फिरू लागल्या. हंसाबाईने हातवारे करून विचारलं, "सुना आपल्याबद्दल काय बोलतेत, ते सांगते काय?" तेवढं सोडून सगळं सांगते, असं रुपीबाईंनी मोठ्या मनाने कबूल केलं.

लग्नाचा दिवस उजाडला. मांडव दोन्ही घरांच्या अंगणात मिळून घातला होता. गझालाही मुद्दाम यवतमाळहून आली होती. दुपारी पंगती बसल्या. बादलने आपला मोबाईल आईच्या घरात चार्जिंगला लावला आणि डाळीची बादली उचलली. गझाला जोहरच्या नमाजासाठी त्याच घराच्या आतल्या खोलीत गेली. आणि मांडवाच्या दुसऱ्या टोकाला सोनूने ढावलो सुरू केला.

तांड्यात नवरी सासरी निघायच्या आधी एकेकीच्या गळ्यात पडते आणि सूर लावून रडते. जिने भरवलं, जिने मारलं, जिने केस विंचरले, त्या सगळ्यांची नावं घेत, आठवणी काढत रडते. समोरचीही तशीच सुरात उत्तर देते. रडणं खरं असतं आणि गाणंही खरं असतं. याच सुरात लाडू खात बादल लहानाचा मोठा झाला होता. त्याच्या लेखी ते रडणं नव्हतंच, ते लग्न होतं. त्यामुळे जगभरातली रडणी गोळा करणाऱ्या या पठ्ठ्याला स्वतःच्या तांड्यातला ढावलो काही आठवला नाही. स्वतःच्या घरचा वास स्वतःला कुठे येतो?

चाहूलला मात्र तो आला. सोनू सगळ्यात आधी पडली रुपीबाईंच्या गळ्यात. रुपीबाईंना स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे त्यांनी जो सूर लावला, तो रस्त्यापर्यंत गेला. कमरेला मोबाईल थरथरला. 'तुम्ही ठीक आहात का?' आता गळ्यात नवरी लोंबकळत असताना कुठली बाई पिशवी सोडून मोबाईल पाहील? लोक काय म्हणतील? रुपीबाईंना वाटलं, बकरी असेल. त्यांनी पोट आत ओढून घेतलं आणि सूर आणखी वर नेला. चाहूलने दिलेल्या मुदतीपर्यंत वाट पाहिली आणि दिल्या शब्दाला जागून, भरलेल्या प्रत्येक नंबरावर निरोप पाठवला. 'रुपीबाई राठोड यांच्या घरी रडण्याचा आवाज येत आहे. त्वरित या.'

तांड्याचे नायक धावजी पंगतीच्या कडेला खाटेवर बसले होते. त्यांनी निरोप वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. रुपीबाईंच्या घरी रुपीबाईंशिवाय राहतं कोण? म्हणजे रडणं कुणासाठी, हे उघड होतं. बायकांच्या घोळक्यात त्या कुठे दिसेनात, कारण घोळक्यात होतं ते नुसतं ओढण्यांचं गाठोडं. लगेच दुसरा विचार आला, सुतक! ही बातमी आत्ता फुटली तर पोरीचं लग्न अडणार.

धावजी नायकांनी आयुष्यभर तांड्याचे तंटे मिटवले होते. ते शांतपणे उठले, रुपीबाईंच्या दारापाशी गेले आणि आत न डोकावता कडी घालून कुलूप ठोकलं. "आपून पाह्यलं नाई," ते शेजारी उभ्या असलेल्या भाच्याला हळूच म्हणाले, "म्हनजे अजून कोनी मेलं नाई. वरात निघाल्यावर पाहू. तू चार पोट्टे घे आन् मांगून लाकडं तोडून ठेव. गाजावाजा करू नको."

आतल्या खोलीत गझाला नमाजात होती. सलाम फेरून ती उठली, तर बादलचा मोबाईल चार्जरवर नाचत होता. निरोप, त्याखाली न घेतलेले फोन, त्याखाली आणखी फोन. तिने निरोप वाचला आणि कपाळावर हात मारून दाराकडे धावली. दार बाहेरून बंद. तिने चटकन आपल्या मोबाईलवरून बादलला फोन लावला. तो तिच्याच दुसऱ्या हातात वाजला.

इकडे पहिला टेंपो आला. पलीकडच्या तांड्यावरच्या बायका मयतीला जातात तशा शिवेपासूनच सूर लावून, कपाळ बडवत उतरल्या. त्या थेट मांडवात शिरल्या, समोर बायका रडताना दिसल्या, आणि त्यांची उरलीसुरली आशा संपली. त्यांनी दिसेल तिच्या गळ्यात पडून टाहो फोडला. निरोप हंसाबाईलाही गेला होता, पण लेकीच्या लग्नात मोबाईल कोण पाहतं? ती तर भारावून गेली.

"पाह्य वं," ती शेजारणीला म्हणाली, "नुसतं जेवायचं आवतन देल्लं होतं. माह्या सोनूसाठी एवढं रडतीन असं वाटलं नवतं!"

चाहूलने ही नवी रडारड ऐकली आणि दुसरा निरोप पाठवला.

दुसऱ्या निरोपाने रस्त्यावरच्या लोकांचा धीरच सुटला. "आता कोन?" "बादल आलता ना घरी?" "अरेरे, पोरगं बी गेलं!" जीप आल्या, मोटारसायकली आल्या. प्रत्येक नव्या गटाने रडायचं, त्यावर चाहूलने इमानेइतबारे आणखी एक निरोप पाठवायचा, आणि त्या निरोपागणिक रुपीबाईंच्या घरातलं आणखी एक माणूस दगावायचं. शेवटी तर घरात नसलेली माणसंही मरू लागली.

बादल डाळ वाढत पंगतीच्या टोकाला आला. तिथे पलीकडच्या तांड्यावरचे रामधन टेकले होते. आल्या आल्या कुणीतरी आग्रहाने त्यांना बसवून पुढ्यात पत्रावळ टाकली होती, आणि मयतीच्या घरी आधी जेवण कसं, या कोड्यात ते पडले होते. त्यांनी वर पाहिलं आणि हातातला द्रोण पडला.

"घ्या काका, गरम हाय," बादल म्हणाला.

"तू... तू इथं काय करून राह्यला?"

"वाढून राह्यलो."

"पन तू तं मेला ना?"

"कवा?"

"आत्ताच. तुह्या मायच्या मांगोमांग," असं म्हणून रामधननी मोबाईल पुढे केला. बादलने निरोप वाचला. एक, दोन, तीन, चार. त्याच्या कानात आता पहिल्यांदाच मांडवातला सूर शिरला, आणि अवघा ढावलो त्याला चाहूलच्या कानाने ऐकू आला. तो बादली घेऊनच धावत सुटला.

रुपीबाईंच्या दारापुढे एव्हाना मोठी गर्दी जमली होती, कारण आतून धडाधड आवाज येत होता. दार हादरत होतं. आतून एक बाई जिवाच्या आकांताने ओरडत होती, "दरवाजा खोलो! अरे कोई तो सुनो!"

गर्दी दोन पावलं मागे सरली. धावजी नायक मात्र पदाला जागून तिथेच उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"रुपीबाई हिंदीत काहून बोलून राह्यली?" ते पुटपुटले.

"मेल्यावर मानूस कोनतीबी भाषा बोलते, मामा," भाचा म्हणाला.

"नायक, कुलूप उघडा!" बादल ओरडला. "गझाला हाय आत! कोनी नाई मेलं!"

त्याच वेळी रस्त्यावर कचकन ब्रेक लागला आणि भीमसिंगमामा गाडीतून उतरले. पायात चप्पल नव्हती. काखेत कफनाचं कापड होतं. आयुष्यभर ज्यांनी एसटी स्टँडवर कुणाचं ऐकून घेतलं नाही, ते मामा लहान पोरासारखे हुंदके देत, "माही रुपी, माही रुपी," करत मांडव ओलांडू लागले.

रुपीबाईंनी ओढणीतून डोकं वर काढलं ते नेमकं तेव्हाच. पाहतात तर अनवाणी भाऊ, डोळ्यांना धारा, काखेत कफन. पुसदला काही बरंवाईट झालं! सोनूला बाजूला सारून त्या धावल्या, भावाच्या गळ्यात पडल्या आणि त्यांनी असा काही सूर लावला की आधीचा ढावलो म्हणजे नुसता गळा साफ करणं होतं.

मामा ताठ झाले. मेलेली बहीण गळ्यात पडून आपल्यासाठी रडते आहे, याला काय उत्तर द्यायचं ते एसटीने शिकवलेलं नव्हतं.

"कोन गेलं रे भिया?" रुपीबाईंनी त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरून विचारलं.

मामांचे ओठ हलले. "तू."

कुलूप उघडलं. गझाला घामाघूम होऊन बाहेर आली आणि समोरच्या गर्दीने तिला रुपीबाई नसल्याबद्दल आणि माणूस असल्याबद्दल मनापासून धन्यवाद दिले. बादलने आईसमोर उभं राहून, ओठ सावकाश हलवत सगळं सांगितलं. ढावलो, बटण, निरोप. अ‍ॅप पडलं याचं दुःख होतंच, पण आईचं घर आता गेलं, हे त्याला लख्ख दिसत होतं.

रुपीबाईंनी सगळं समजून घेतलं. मग त्या हसायला लागल्या. त्यांचं हसणंही रडण्याइतकंच मोठं होतं. हंसाबाई हसली, सोनू डोळ्यांतल्या पाण्यासकट हसली, आणि मयतीला आलेला अख्खा मुलूख हसत सुटला. चाहूलने निरोप पाठवणं थांबवलं. धावजी नायकांनी जाहीर केलं, की आलेल्या कुणीही न जेवता जायचं नाही. डाळ-भात पुन्हा चढवावा लागला, त्याला सरपण कमी पडलं, तेव्हा भाच्याने तोडून ठेवलेल्या लाकडांकडे बोट दाखवलं.

"ते लाकडं कशी चालतीन?" कुणीतरी विचारलं.

"पेटली नाई तवरक लाकडं ते लाकडंच," नायक म्हणाले, आणि भात शिजला.

पण भीमसिंगमामा अजून सावरले नव्हते. सावरल्यावर त्यांनी आधी चष्मा लावला आणि मग गळ्यात जुना अधिकार आणला. "गडबड झाली का नाई, बादल?"

"झाली, मामा," बादल खाली मान घालून म्हणाला.

"मंग ठरल्यापरमानं. रुपी, चाल. गाडी उभी हाय."

रुपीबाईंनी भावाचे ओठ वाचले. जागच्या न हलता त्यांनी मांडवभर नजर फिरवली. पलीकडचा तांडा जेवत होता, त्याच्या पलीकडचाही जेवत होता. कुणाच्या पायात एकच चप्पल होती, कुणी दाढी अर्धी टाकून आलं होतं. एक बाई पिठाच्या हातांनीच आली होती.

"भिया," त्या म्हणाल्या, "हे सारे माह्यासाठी हातचं काम टाकून पळत आले. ऐकू येत नाई मले, पन दिसते ना. पुसदले तुह्या वरच्या मजल्यावर मी मेली, तं किती येतीन?"

मामांनी पंगतीकडे पाहिलं. मग त्यांनी बादलचा दंड धरला, त्याला बाजूला नेलं आणि बहिणीकडे पाठ करून उभे राहिले.

"राहू दे तिले इथंच," ते हळू आवाजात म्हणाले. "आन् ऐक. ते तुहं यंत्र माह्या मोबाईलमंदी बी टाकून दे."

"तुमचे कान तं चांगले हायेत, मामा."

"कान चांगले हायेत बे. घरात आवाजच नाई. मामी गेल्यापासून कुकर बी वाजत नाई, मी मेसचा डबा खातो. पोरं पुन्याले." मामांनी घसा खाकरला. "उलटं बसवता येईन काय? दिवसभर कायचाच आवाज नाई आला, तं कोनाले तरी निरोप गेला पाह्यजे. नाई तं चार-चार दिवस समजायचं नाई."

मामा आईला तिच्या काळजीपोटी न्यायला निघालेत, असंच बादलने इतके दिवस धरलं होतं. दोन वर्षं खपून त्याने ऐकू न येणाऱ्या घराचा विचार केला होता, आणि ऐकण्यासारखं काही न उरलेलं घर पुसदला उभं होतं, त्याच्याच मामाचं. त्याचे डोळे भरून आले.

"काय म्हनते तो?" रुपीबाई मागून गरजल्या. "पाठ करून बोलनारा मानूस आपल्याबद्दलच बोलते!"

"काई नाई, काई नाई," मामा गडबडीने वळून म्हणाले. तोवर बादलने गझालाच्या हातातला मोबाईल घेऊन त्यावर मामांचं बोलणं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. मामांनी झडप घातली, पण गझालाने तो वरच्यावर झेलून रुपीबाईंच्या हातात दिला. त्यांनी एकेका अक्षराखाली बोट धरत, ओठ हलवत सगळं वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट थोडा वेळ थांबलं.

मग त्यांनी मोबाईल परत केला आणि भावाकडे पाहिलं. "गाडी सावलीत लाव, भिया. तू आता इथं राह्यतं."

"मी? इथं? अवो, असं कसं... घर हाय माहं तिथं, दोन मजल्याचं..."

"भाड्यानं दे."

"बरं, मी उद्या जातो, इचार करतो, कपडेलत्ते घेऊन..."

"मले चांगलं मालूम हाय, उद्या गेला का तू येत नाई." रुपीबाईंनी त्यांच्या काखेतलं कफनाचं कापड ओढून घेतलं, उलगडलं, उन्हाकडे धरून पाहिलं आणि दोन बोटांत चोळलं. "पातळ हाय. पन उन्हाळ्याले बरं पडन. दोन पायजमे निघतेत तुले याच्यात."

भीमसिंगमामांनी बाहीने डोळे पुसले. एकदा आपल्या गाडीकडे पाहिलं, एकदा कापडाकडे.

"इथं शिवते कोन?" त्यांनी विचारलं.